दृश्य एकेचाळीस

सोमवार, ४ जून २००७. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या नाशिक कार्यालयात, छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी सव्वासहा फूट उंचीचा एक म्हातारा येऊन उभा राहिला आणि त्याने नावाच्या खुलाशाची जाहिरात दिली.

जाहिरात विभागातले शिरसाठ तो अर्ज घेऊन वरच्या मजल्यावर माझ्या टेबलाशी आले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

“गायधनी मॅडम, तुमच्या रविवार पुरवणीसाठी माणूस आणलाय. वाचा.”

अर्ज सुवाच्य अक्षरात होता. ‘मी सावळीराम लखमा भोये, ता. मोखाडा, जि. ठाणे. इ. स. १९६८ ते १९७४ या काळात लंडन येथे सॅम भोये या नावाने नोकरी केली. सदर दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे.’ त्याखाली कुणीही न मागितलेली एक ओळ होती : ‘कामाचे स्वरूप : टेलिव्हिजनवर राक्षस.’

“शब्दांवर पैसे लागतात म्हटलं, ही ओळ काढा. तर म्हणतात, तीच राहू द्या, बाकीचं काढा.”

मी खाली गेले. भोये बाकावर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात चामड्याची जुनी बॅग. शेजारी त्यांची पुतणी यमुना होती. ती गावाजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका होती आणि अक्षर तिचंच होतं.

“राक्षस म्हणजे नक्की काय?” मी विचारलं.

“बातमी करायची नाहीये,” यमुना लगेच म्हणाली. “व्हिसासाठी दोन नावांचा पुरावा लागतो, म्हणून आलोय.”

“अगं, चहा तर विचारतायत त्या,” भोये म्हणाले. मी चहा विचारला नव्हता. मग विचारला.

समोरच्या हॉटेलात त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते धरणाच्या कामावर एका इंग्रज इंजिनिअरकडे स्वयंपाकी होते. साहेब परत गेला तेव्हा त्यांना घेऊन गेला. वर्षभरात साहेब वारला. साहेबाच्या बाईने एका टेलिव्हिजन स्टुडिओच्या उपाहारगृहात त्यांना चिकटवून दिलं. तिथे ‘द फार बीकन’ नावाच्या मालिकेचं चित्रीकरण चाले. अंतराळातलं एक दूरचं दीपगृह, त्यातली चार माणसं, आणि बाहेरून चालून येणारे ड्रेव्ह. ड्रेव्ह म्हणजे रबर आणि पत्र्याचा सात फुटी राक्षस.

“आतला नट दर दोन तासांनी चक्कर येऊन पडायचा. गरम व्हायचं ना. एक दिवस पडला तो उठलाच नाही, दवाखान्यात नेला. मी चहाची गाडी घेऊन उभा. डायरेक्टर वर बघतो, खाली बघतो, म्हणतो, तू किती उंच? मी म्हटलं, तू सांगशील तेवढा.”

“काका,” यमुना म्हणाली.

“खरं तेच सांगतो. तो पोशाख मला काय जड? आमच्या बोहाड्याच्या उत्सवात मी पोरपणापासून सोंगं नाचवलीत. लाकडाचा मुखवटा असतो, ताई, मान वळत नाय. मंग अख्खं धड वळवावं लागतं. दोन पावलं पुढं, अर्धं मागं, थांबायचं, आणि मंग वळायचं. तेच केलं. गोऱ्यांची पोरं घाबरली.”

मी तेव्हा बारा वर्षं बातमीदारी करत होते. म्हातारी माणसं गोष्टी रंगवतात हे मला माहीत होतं. मी पुरावा मागितला. भोयेंनी बॅगेतून इंग्लंडहून आलेलं पत्र काढलं.

मालिका १९७४ साली बंद पडली होती. आता नव्याने सुरू होत होती. त्या वर्षांत तिकडे ती लाटच होती. लहानपणी जुन्या विज्ञान मालिका पाहिलेली मुलं मोठी होऊन निर्माते झाली होती आणि आपापल्या आवडीच्या मालिका पुन्हा उभ्या करत होती. पत्र लिहिणारी हेलन प्रॉक्टर अशांपैकीच. तिने लिहिलं होतं की सात वर्षांची असताना ड्रेव्हची चाल बघून ती आईच्या पदराआड – यमुनाने वाचताना ‘पदराआड’ असंच वाचलं – लपली होती. नव्या ड्रेव्हसाठी त्यांनी नर्तक आणून पाहिले, कसरतपटू आणून पाहिले. चाल कुणालाच जमली नाही. उपाहारगृहातल्या एका निवृत्त बाईंनी ‘आमचा सॅम’ म्हणून नाव सांगितलं आणि तिथून शोध मोखाड्यापर्यंत आला.

“मग जुने भाग कुठे बघायला मिळतील?” मी विचारलं.

“नाहीत,” यमुना म्हणाली. “तेव्हा टेप महाग असायची. एकदा दाखवलं की पुसून त्याच टेपवर दुसरं काहीतरी घ्यायचे. काकांचे आठही भाग पुसलेत. चार फोटो आहेत, त्यात नुसता ड्रेव्ह आहे.”

“आणि ड्रेव्हच्या आत मी आहे हे कोण सांगणार?” भोये हसत म्हणाले. “गावात तेहतीस वर्षं हेच चाललंय. पोरं मला विचारतात, बाबा, लंडनला राक्षस होता का? हो म्हटलं की शेपूट कुठंय विचारतात. यमुनेचा बाप, माझा सख्खा भाऊ, मरेस्तोवर म्हणायचा, सावळ्या तिकडं भांडी घासून आला.”

“आता कळेल सगळ्यांना,” यमुना म्हणाली, आणि थांबली.

“सांग की. ताई चांगल्या आहेत.”

“काका, कागदावर सही केलीय आपण.”

भोयेंनी तरीही सांगितलं. नव्या मालिकेच्या आठव्या भागात, शेवटच्या प्रसंगात, ड्रेव्ह दीपगृहात शिरतो. बंदुका रोखलेल्या असतात. तो थांबतो आणि मुखवटा काढतो. आजवर कधीच न दाखवलेलं ते आता दाखवायचं होतं : आत एक म्हातारा माणूस आहे. तो चेहरा भोयेंचाच असणार होता. रंग न लावलेला. संहितेत ते दृश्य एकेचाळीस होतं.

“आमच्यात सोंगाचा मुखवटा लोकांसमोर काढत नाहीत,” भोये म्हणाले. “आत नेऊन उतरवतात. मी तसं हेलनबाईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग नको करू या का? मी म्हटलं, ते देवाचं सोंग असतं. हे तुमचं पत्र्याचं. याला चालेल.”

वीस जुलैला मालिका काढणारी कंपनी स्वतः घोषणा करणार होती. तोवर कुणाला सांगायचं नव्हतं. दृश्य एकेचाळीस तर त्यानंतरही सांगायचं नव्हतं.

मी वही मिटली. “वीस जुलैपर्यंत एक ओळ येणार नाही. आणि शेवटचं दृश्य मी ऐकलंच नाही.”

“शब्द?” यमुनाने विचारलं.

“शब्द,” मी म्हटलं. मी तिला माझा नंबर दिला आणि तिच्या शाळेचा घेतला.

शनिवार, १६ जून. दुपारी साडेचार वाजता रविवारच्या पहिल्या पानावरची तळाची बातमी पडली. एका सहकारी बँकेवरचा तो मजकूर वकिलाने थांबवायला सांगितला होता. आमच्याकडे पानाच्या तळाला रोज एक गोष्टीसारखी बातमी असे, आणि ती हलकी, माणसाची असावी असा दंडक होता. वृत्तसंपादक निमसे खुर्ची सरकवत माझ्याकडे आले.

“गायधनी, तो तुमचा राक्षस कुठंय?”

“वीस जुलै.”

“वीस जुलैला कोण जिवंत असेल सांगता येतं का? त्यांची छोटी जाहिरात सोमवारी सुटतेय. ‘टेलिव्हिजनवर राक्षस’ अशी. समोरच्या पेपरात छोट्या जाहिराती वाचणारे लोक नाहीत असं वाटतं तुम्हाला? त्यांच्याकडेही एक शिरसाठ आहे.”

“मी शब्द दिलाय, साहेब.”

“कुणाला दिलाय? त्या इंग्लंडवाल्यांना? इंग्लंडात आपला नाशिकचा अंक कोण वाचतो हो? इथे निफाडला वेळेत पोचत नाही.”

सगळे हसले. मीही हसले.

माझ्याकडे यमुनाच्या शाळेचा नंबर होता. फोन करायला वेळही होता. पान साडेसातला सुटायचं. मी फोन केला नाही. केला असता तर ती नाही म्हणाली असती, आणि नाही ऐकल्यावर लिहिणं कठीण झालं असतं. तेव्हा मी हे असं मनाशी बोलले नव्हते. पण दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

चाळीस मिनिटांत सहाशे चाळीस शब्द लिहिले. उपाहारगृह, चहाची गाडी, बोहाडा, चाल, पुसलेल्या टेपा. निमसेंनी पडद्यावर वाचलं.

“झकास. पण शेवट कुठंय? हा माणूस परत जाऊन करणार काय? पुन्हा रबरात घुसणार? मग यात काय आहे?”

तपशील अर्धवट ठेवायचा नाही अशी माझी ख्याती होती. कोण, कुठे, कधी, कसं, सगळं पहिल्या चार वाक्यांत. मी दृश्य एकेचाळीस लिहिलं. त्याचा क्रमांकही लिहिला.

त्याच महिन्याच्या एक तारखेपासून आमची पानं जशीच्या तशी इंटरनेटवर चढू लागली होती. ते काम तळमजल्यावर दोघेजण करत. वरच्या मजल्यावर आम्ही त्याला अंक मानतच नव्हतो.

रविवारी सकाळी नऊला शाळेच्या नंबरावरून फोन आला.

“ताई, तुम्ही शब्द दिला होता,” यमुना म्हणाली.

मी जाहिरातीचं सांगितलं, समोरच्या पेपरचं सांगितलं. ती ऐकून घेत होती.

“काकांना राग नाहीये,” ती शेवटी म्हणाली. “सरपंचांनी अंक चावडीवर लावलाय. सगळे त्यांना बघायला येतायत. म्हणून मी आत्ता काही बोलत नाही.”

बुधवारी, २० जूनला, इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आमच्याच एका वाचकाने बातमीचं भाषांतर मालिकेच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकलं. त्याने खाली लिहिलं होतं, ‘माझ्या जिल्ह्याचा माणूस! अभिमान वाटतो.’ गुरुवारी तिथल्या एका वर्तमानपत्राने ते उचललं. शेवट काय होणार हे मथळ्यातच होतं.

शुक्रवारी मी गावात होते. हेलन प्रॉक्टरने दुपारी साडेतीनला शाळेत फोन करते असं कळवलं होतं, आणि यमुनाने मला बोलावून घेतलं होतं. “तुम्ही समोर बसा,” एवढंच म्हणाली होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघं. फोन वाजला. यमुना दोन मिनिटं इंग्रजीत हो, हो करत राहिली. मग भोयेंनी हात पुढे केला आणि रिसीव्हर घेतला.

त्यांचं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकलं. यमुनानेही. ते लंडनच्या कामगारांचं, शब्द अर्धे गिळणारं, जलद इंग्रजी होतं. म्हातारा बदलला. पाय पसरून बसला, पोरीला दटावावं तसं बोलायला लागला. “रडू नकोस गं बाई. कोण मेलंय का?... हो... हो... नाही, मीच सांगितलं पेपरवाल्यांना. माझं तोंड मोठं आहे.”

मी यमुनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“म्हणजे मुखवटा निघणार नाही,” भोये म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. “कळलं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते दाखवून काय उपयोग? मीही तेच केलं असतं... चाल तर हवीच ना तुला? किती दिवस?... येतो. सही केलीय ना मी.”

फोन ठेवल्यावर ते पुन्हा मोखाड्याचे झाले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“शेवट बदलला. ड्रेव्ह जळून मरतो. मुखवट्यासकट.”

“काका, नका जाऊ,” यमुना म्हणाली. “रबरात घुसायला कशाला एवढं लांब जायचं? या वयात?”

“तिला चाल पाहिजे. दुसऱ्या कुणाला येत नाय.”

“बाबा, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतःवर का घेतली?”

“तुमचं नाव तिला काय कळणार? माझं कळतं.”

“मी खुलासा छापते. की मालिकेचा शेवट बदलला आहे, मूळ बातमी त्या दिवशी बरोबर होती.”

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा लांबट होता, हनुवटीवर पांढरे खुंट, डावी भुवई मधोमध तुटलेली. मी तो तेव्हा नीट पाहिला.

“छापा ना,” ते म्हणाले. “चावडीवर तोही लावतील. रविवारी पेपर म्हणाला सावळ्याचं तोंड दिसणार. पुढच्या रविवारी पेपर म्हणेल नाय दिसणार. मंग लोक काय म्हणतील, सांगा तुम्ही. म्हणतील, बघा, भांडीच घासली यानं.”

मी खुलासा छापला नाही.

भोये २९ जुलैला गेले आणि ८ सप्टेंबरला परतले. मी विमानतळावर गेले नाही. आठवड्याने गावी गेले. ते अंगणात खाटेवर होते. वजन उतरलं होतं. पोशाख आता हलका करतात, आत थंड पाण्याच्या नळ्या असतात, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. “नट लोकांचे लाड वाढलेत.”

मग आवाज न बदलता म्हणाले, “काढला मुखवटा.”

“कधी?”

“शेवटच्या दिवशी, एकतीस ऑगस्टला. जळायचं घेऊन झालं. हेलनबाई म्हणाली, सॅम, एकदा करू या का? दाखवायचं नाय, नुसतं घ्यायचं. कॅमेरा चालू ठेवला. मी आत आलो, दोन पावलं, अर्धं मागं. थांबलो. काढला. पुढं बघितलं. दिवे मारणारा एक म्हातारा होता, माझ्याएवढा, तो टाळ्या वाजवायला लागला. मंग सगळेच.”

“कुणी फोटो काढला त्याचा? तुमच्याकडे काही आहे?”

“मी तर कामात होतो, ताई.”

यमुना ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, “वही काढू नका.”

मी वही काढलीच नव्हती. पण मनात प्रश्न आला होता की याला दुसरा साक्षीदार कोण. तो बहुधा माझ्या तोंडावर दिसला असावा, कारण भोयेंनी विषय बदलला आणि पुढे कधीही ती गोष्ट मला पुन्हा सांगितली नाही.

आठवा भाग २००८च्या मार्चमध्ये तिकडे दाखवला गेला. हेलनने डिस्क पाठवली. आश्रमशाळेच्या सभागृहात ती लावली तेव्हा दीडशे मुलं आणि अर्धं गाव होतं. ड्रेव्ह आला. दोन पावलं पुढे, अर्धं मागे, आणि अख्खं धड वळलं. मागच्या रांगेत एक म्हातारी म्हणाली, “आगं बाई, हे तर आपलं सोंग!” आणि सभागृह हललं. मुलं जागेवर उभी राहिली. पुढची चार मिनिटं मी भोयेंकडे बघत होते. मग ड्रेव्ह पेटला, मुखवट्यासकट कोसळला आणि नावं वर सरकू लागली. ड्रेव्ह झालेल्या अकरा जणांच्या यादीत सातवं नाव होतं : एस. भोये.

“आलं, नाव आलं!” यमुना ओरडली.

“गावात निम्मे भोये आहेत,” सरपंचांचा मुलगा मागून म्हणाला. “आत कोण पण असंल. पेपरात तर तोंड दाखवणार म्हटले होते.”

लोक हसले. त्यात फारसं विष नव्हतं. भोयेही हसले. नंतर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ताई, जेवून जा.” मी जेवले नाही. एस. टी. साडेपाचला होती.

सावळीराम भोये १९ जानेवारी २०११ रोजी घरी वारले. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या. ‘टेलिव्हिजन अभिनेते’ असा शब्द वापरला आणि निमसेंनी तो कापला नाही.

हेलन प्रॉक्टरने २०१२ साली ती कंपनी सोडली. त्यानंतर कंपनी दोनदा विकली गेली. मालिकेचे सगळे भाग, वगळलेल्या दृश्यांसह, बाजारात आले. त्यात दृश्य एकेचाळीस नाही. मी २०१४ पासून दर वर्षी कंपनीला ते दृश्य मागणारं एक पत्र लिहिते. यमुना आता मुख्याध्यापिका आहे. पत्राखाली तिचीही सही असते. हेलनला मी दोनदा शोधून लिहिलं. तिचं एकच उत्तर आलं, तीन ओळींचं : हो, आम्ही ते घेतलं होतं. टेप माझ्याकडे नाही. तुम्हीच ती बातमी लिहिली होती ना?

गेल्या नोव्हेंबरात कंपनीच्या गोदामाची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाकडून पत्र आलं. ३१ ऑगस्ट २००७ या तारखेच्या, त्या मालिकेच्या चार टेपा त्यांच्याकडे आहेत. आत काय आहे याची नोंद नाही. त्या चालवणारं यंत्र सध्या बंद आहे. वापरात नसलेला माल कमी करण्याचा निर्णय झाला असून नष्ट करायच्या मालाची यादी तयार होत आहे; या चार टेपा त्या यादीत आहेत की नाहीत, हे त्यांना सांगता येत नाही.